पाऊस वाढला म्हणून शाळा लवकर सोडू नका

गेल्या महिनाभरात आलेल्या पत्रांत पावसाचीच पत्रं जास्त आहेत. माझी सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत गेली, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. अभ्यासाचे आणि परीक्षांचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलंय, पण ते कापू नका असं मी संपादकांना सांगितलं आहे.

प्रश्न : बाई, सादर नमस्कार. मी मूळचा लातूरकडचा. गेल्या वर्षी संगमेश्वर तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत रुजू झालो. इकडचा पाऊस मला नवा आहे. शाळेत तीन वाड्यांची मुलं येतात, त्यातली एक वाडी पऱ्याच्या (इकडे ओढ्याला पऱ्या म्हणतात) पलीकडे, मधे साकव, म्हणजे छोटा पूल. दुपारनंतर पाऊस वाढला की पालकांचे फोन सुरू होतात, ‘गुरुजी, पोरांना लवकर सोडा.’ सहशिक्षिकाही म्हणतात सोडूया. माझा धीर होत नाही. काय करावं?

उत्तर : गुरुजी, तुमचा धीर होत नाही तेच बरोबर आहे. पाऊस वाढला की शाळा लवकर सोडायची, ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि माझ्या मते सगळ्यांत धोक्याची. पाऊस जोरात असतो तेव्हाच पऱ्याला पाणी सगळ्यांत जास्त असतं, आणि नेमकं त्याच वेळी आपण मुलांना त्याच्या काठावर नेऊन सोडतो. सह्याद्रीच्या उतारावरचे पऱ्ये आखूड आणि उभ्या उताराचे. तासाभरात फुगतात, आणि पाऊस ओसरला की बहुतेक वेळा दोन-तीन तासांत उतरतातही. तेवढा वेळ मुलं शाळेत बसली तर काय बिघडलं? पक्की इमारत, कोरडी जागा आणि सोबत दोन मोठी माणसं असली, तर त्या घडीला मुलांसाठी अख्ख्या गावात याहून चांगली जागा नाही.

तेव्हा नियम एकच ठेवा : पाणी उतरेपर्यंत मूल शाळेत. पाच वाजोत नाहीतर आठ.

पण हा नियम भर पावसात फोनवर सांगून चालत नाही. शाळा सुरू होताच पालकसभा घ्या. पऱ्यापलीकडच्या वाडीचे पालक सभेला येणार नाहीत, त्यांच्या कामांचे दिवस असतात, तेव्हा तुम्ही दोघं वाडीत जा. पोलीस पाटलांना सोबत घ्या. आणि एक वाक्य सगळ्यांकडून वदवून घ्या : ‘फोन लागला नाही, तर मूल शाळेत आहे असं समजायचं.’ वीज गेली की थोड्या वेळाने मोबाईलचा टॉवरही मान टाकतो. मग घरची माणसं कासावीस होतात आणि पोराला आणायला स्वतःच फुगलेल्या पऱ्यात उतरतात. हे टाळायचं असेल तर त्यांना आधीपासून खात्री हवी की गुरुजी पोराला एकटं सोडणार नाहीत. ती खात्री तुम्ही एकदा पाळून दाखवलीत की फोन आपोआप कमी होतील.

आता साकव. आमच्या एका शाळेखाली असाच साकव होता. जूनच्या आधी, पऱ्या कोरडा असताना, आम्ही त्याच्या खांबावर ऑइलपेंटने दोन पट्टे ओढले, खाली पिवळा आणि वर लाल. पाणी पिवळ्याला लागलं की मुलांना मोठ्या माणसाने हात धरून न्यायचं. लाल पट्टा दिसेनासा झाला की कुणीही जायचं नाही, सरपंच असले तरी नाही. लाल पट्टा आम्ही साकवाच्या फळीच्या चांगला हातभर खाली घेतला होता, कारण पाणी वाढतं ते एकसारखं वाढत नाही, लोंढ्याने येतं. साकवाशेजारी एका आजींचं घर होतं. पडवीत बसून त्यांना पट्टे दिसायचे, आणि पाणी चढलं की त्या नातवाला शाळेत पिटाळायच्या. असं एखादं घर तुमच्याकडेही असेल, बघा.

आणि नुसता शाळेवरचा पाऊस बघू नका. वर घाटमाथ्यावर कोसळला तर खाली ऊन असतानाही पऱ्या फुगतो. पाणी एकदम गढूळ झालं, पाचोळा-काटक्या वाहून यायला लागल्या, किंवा तळाशी दगड गडगडल्याचा आवाज आला, की वरून लोंढा येतोय असं समजून मागे फिरायचं. हे मुलांनाही शिकवा, चौथीच्या मुलांना नीट समजतं. वाहतं पाणी दिसायला उथळ असलं तरी त्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. मोठ्या माणसाचा पायही अर्ध्या फुटाच्या जोरदार धारेत सटकतो, मग पहिलीतल्या मुलाचं काय. माझा नियम होता, वाहतं पाणी मुलाच्या घोट्याच्या वर असेल तर ते ओलांडायचं नाही, मग रस्त्यावरचं असो नाहीतर मोरीवरचं.

अशा दिवशी दप्तरं शाळेतच ठेवून घ्या, हात मोकळे राहू देत. साकवावर छत्री उघडायची नाही. वारा छत्रीत शिरला की मूल कठड्याकडे ओढलं जातं. रेनकोट बरा, आणि तोही पायात अडकेल इतका लांब नको.

शाळेत मुलं थांबणार तर सोय हवी. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ कोठीत असतेच. संध्याकाळी खिचडी टाकायची वेळ आली तर मदतनीस ताई कुठे भेटतील ते ठरवून ठेवा, आणि नंतर नोंदवहीत तशी नोंद करा. सुकी लाकडं किंवा भरलेला सिलिंडर, झाकलेलं पिण्याचं पाणी, दोन बॅटऱ्या, जुने टॉवेल, जुन्या चादरी. एक साधा बटणांचा फोन, त्याचं चार्जिंग बरेच दिवस टिकतं. लहान मुलं अंधार पडला की रडतात. त्यांना मोठ्यांच्या मधे बसवा, गाणी म्हणा, भेंड्या लावा. तुमचा आवाज नेहमीसारखा राहिला तर मुलं घाबरत नाहीत.

सोडताना वाडीप्रमाणे सोडा. प्रत्येक वाडीची यादी भिंतीवर लावलेली असावी आणि मूल कुणाच्या हाती दिलं, किती वाजता, हे वहीत लिहून सही घ्यावी. मोठ्या ताईच्या हाती धाकटा भाऊ सोपवून चालत नाही, ताई स्वतःच दहा वर्षांची असते.

दोन ठिकाणी मात्र ‘शाळेतच थांबा’ हा नियम लागू नाही. शाळा नदीकाठच्या सखल जागी असेल तर, आणि डोंगराच्या पायथ्याशी असेल तर. २०२१ साली २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं, त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड आली. करोनामुळे तेव्हा प्राथमिक शाळा बंद होत्या. अशा जागच्या शाळेने दुसरी उंचावरची जागा, देऊळ, समाजमंदिर, कुणाचं पक्कं घर, आधीच ठरवून ठेवायला हवी. शाळेमागच्या उतारावर नव्या भेगा दिसल्या, झाडं कलली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा आटलं, तर पावसाचा जोर न बघता मुलांना तिथून हलवा आणि तहसीलदारांना कळवा.

खाडीकाठच्या शिक्षकांसाठी आणखी एक. भरतीच्या वेळी नदीचं पाणी समुद्रात उतरत नाही, मागे तुंबतं. आपल्या किनाऱ्यावरचे नाखवे, म्हणजे होड्या चालवणारे, तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला साधारण ३ वाजता, षष्ठीला साडेचारला, अष्टमीला ६ वाजता. म्हणजे पंचमी-षष्ठीला पूर्ण भरती शाळा सुटायच्या सुमारास येते. वर्गातल्या कॅलेंडरवर तिथी असतेच. पावसाच्या दिवसांत सकाळी हजेरी घेतानाच ती बघायची सवय लावा.

प्रश्न : बाई, मी डोंबिवलीला राहते, मुलगा तिसरीत आहे. रेड अलर्ट असतो, तरी सुट्टीचा निरोप येतो तेव्हा मुलगा व्हॅनमध्ये बसून निघालेला असतो. अलर्ट बघून मी स्वतःच त्याला घरी ठेवावं का? आणि व्हॅन पाण्यात अडकली तर?

उत्तर : ताई, रेड अलर्ट म्हणजे आपोआप सुट्टी नव्हे. हवामान खात्याचा इशारा असतो, त्यावरून सुट्टीचा निर्णय जिल्हाधिकारी किंवा महापालिका घेते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अति मुसळधार’ आणि २०४.५ च्या वर ‘अत्यंत मुसळधार’, असा त्यांचा हिशेब. पण हा इशारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणून जिल्ह्याच्या रंगासोबत पुढच्या ३ तासांचा तात्काळ अंदाज बघा आणि स्वतःच्या गल्लीतलं पाणी बघा. लाल इशारा आहे, पहाटेपासून कोसळतोय, कोपऱ्यावर पाणी साचलंय, तर सुट्टीच्या निरोपाची वाट बघू नका. मुलाला घरी ठेवा. एक दिवस बुडल्याने तिसरीतल्या मुलाचं काही अडत नाही, आणि कुठली शाळा यावरून बोललीच तर मला तसं लिहून कळवा.

व्हॅनचं म्हणाल, तर त्या २६ जुलैला कित्येक मुलं रात्रभर शाळांमध्येच राहिली आणि सुखरूप राहिली. हाल झाले ते रस्त्यात अडकलेल्यांचे. व्हॅनच्या दादांशी आताच बोलून घ्या : पुढे पाण्याचा अंदाज येत नसेल तर गाडी घालायची नाही, उंचावर थांबवायची, शाळेकडे परत फिरणं जवळ असेल तर परत फिरायचं, आणि मुलांना रस्त्यात उतरवून ‘जा चालत’ म्हणायचं नाही. साचलेल्या पाण्याखाली झाकण निघालेलं मॅनहोल दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत एक नामांकित डॉक्टर घराकडे चालत निघालेले असताना अशाच मॅनहोलमध्ये पडून गेले. मोठ्या, जाणत्या माणसाचं असं होतं. मुलाला सांगून ठेवा, विजेच्या खांबाला, खांबाला बांधलेल्या ताणाला आणि रस्त्याकडेच्या डीपीला (वीज वाटणाऱ्या पेटीला) हात लावायचा नाही, पाण्यातून जाताना तर मुळीच नाही.

महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितली आहे आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. तुमच्या शाळेत ती बसते का, ते विचारा. ‘सुट्टीचा निरोप सकाळी किती वाजेपर्यंत देणार?’ हा प्रश्न तिथे मांडा आणि ती वेळ लेखी घ्या. व्हॅन निघायच्या आधीची वेळ हवी.

प्रश्न : बाई, मी बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. आमच्याकडे पूर येत नाही, विजा पडतात. मैदानाच्या कडेला मोठी चिंच आहे. आभाळ आलं की पोरं तिच्याखाली पळतात. चिंच तोडावी असा ठराव काहींनी मांडला आहे.

उत्तर : दादा, चिंच तोडू नका. उन्हाळ्यात तिचीच सावली लागते. पोरांची तिच्याखाली पळायची सवय तोडा.

मराठवाड्यात जूनचे पहिले पाऊस आणि परतीचा पाऊस विजांचा असतो, आणि तो बहुतेक दुपारनंतर येतो, म्हणजे खेळाच्या तासाला. नियम सोपा आहे. वीज चमकली की मोजायला लागा. ३० मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, सगळ्यांनी वर्गात. शेवटचा गडगडाट झाल्यावर पुढची ३० मिनिटं कुणी बाहेर यायचं नाही. पाऊस थांबला म्हणून पोरं लगेच मैदानात धावतात, त्या वेळीही वीज पडू शकते. शिक्षकांनी फोनवर ‘दामिनी’ ॲप ठेवावं. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने ते बनवलंय, आपल्या आसपास विजेचा धोका असला की इशारा देतं.

वर्ग म्हणजे चार भिंतींचा पक्का वर्ग. ओसरी, सायकलींची पत्र्याची शेड किंवा झेंड्याचा कट्टा चालणार नाही. आत बसल्यावरही खिडकीच्या गजांना, नळाला आणि स्विचबोर्डला हात लावायचा नाही. शाळेवर वीजरोधक बसवलेला असेल तर त्याची पट्टी छतापासून जमिनीत पुरेपर्यंत अखंड आहे का, ते उन्हाळ्यातच बघून घ्या. मधेच तुटलेली पट्टी काही कामाची नाही.

घरी जाताना पोरांना विजांनी शेतात गाठलं आणि जवळ निवारा नसेल, तर एकमेकांपासून लांब व्हायचं, दोन्ही पाय जोडून उकिडवं बसायचं, डोकं गुडघ्यांत, कान झाकून. आडवं पडायचं नाही. आणि हे गावात सगळ्यांना सांगा : ज्याच्यावर वीज पडली त्याच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावायला लोक भितात आणि मोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करायची आणि १०८ ला फोन लावायचा. छाती कशी दाबायची ते तालुक्याच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बोलावून शिक्षकांना आणि वरच्या वर्गांना शिकवून घ्या. चिंचेच्या ठरावाऐवजी हा ठराव करा.

प्रश्न : पाटण तालुक्यातून लिहिते. मी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. एका वर्गाच्या भिंतीला पोट आलंय, छताचे पोपडे पडतात. प्रस्ताव वर पाठवलाय, उत्तर नाही. तोवर मुलं त्याच वर्गात बसतात.

उत्तर : ताई, हे वाचून होताच मुलांना त्या वर्गातून उठवा. मंजुरी यायची तेव्हा येईल, वर्गाला कुलूप लावायला कुणाची मंजुरी लागत नाही. दोन इयत्ता एकत्र बसवा, देवळात बसवा, सकाळ-दुपार पाळ्या करता येतील का ते केंद्रप्रमुखांना विचारा. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी २५ जुलै २०२५ ला शाळेची इमारत कोसळली आणि ७ मुलं गेली. पावसाचे दिवस, आणि शाळा भरायची वेळ.

कुलूप लावल्यावर त्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूनेही काटक्या बांधून जाणं-येणं बंद करा. पोरं आडोशाला तिथेच उभी राहतात. भिजलेली भिंत पाऊस उघडल्यावर, उन्हं पडल्यावरही ढासळते, म्हणून दोन कोरडे दिवस बघून वर्ग उघडू नका. त्याच वर्गातून वायर गेली असेल तर मेन स्विच बंद ठेवा. ओल्या भिंतीत करंट उतरतो.

कागदाचं असं करा. समितीच्या सभेत ठराव घ्या, फोटो लावा, वर्ग धोकादायक असल्याने त्याचं निर्लेखन करून (म्हणजे तो वापरातून कायमचा काढून) नवी खोली मिळावी असं स्पष्ट लिहा आणि ग्रामपंचायत व गटशिक्षणाधिकारी दोघांकडे देऊन पोच घ्या. बांधकाम विभागाच्या अभियंत्याने येऊन पाहणी करावी ही मागणी वेगळ्या अर्जात करा. एकाच अर्जात दहा गोष्टी लिहिल्या की त्यातली एकही होत नाही. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले आहेत आणि शाळेचा विकास आराखडा करायचं काम तुम्हालाच दिलंय. विचारायला संकोचू नका.

प्रश्न : आम्ही इरलं घेऊन, भिजत शाळेत गेलो. काही झालं नाही. आताच्या मुलांना किती जपायचं? (एक आजोबा, कोल्हापूर)

उत्तर : आजोबा, भिजू द्या की. पावसात भिजणं आणि डबक्यात उड्या मारणं मुलांच्या वाट्याला यायलाच हवं. कपड्यांचा दुसरा कोरडा जोड दप्तरात असला की झालं. एवढंच बघा, पायाला जखम असेल तर शेतातल्या आणि गटारातल्या साचलेल्या पाण्यात उतरू देऊ नका. उंदरांच्या मूत्रातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो तो अशाच पाण्यातून. अशा पाण्यात खेळून आल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर अंगावर काढू नका, आणि डॉक्टरांना ‘पाण्यात गेला होता’ हे आपणहून सांगा. बाकी तुमच्या वेळीही पुरात पोरं जायची. त्यांची नावं गावातल्या जुन्या माणसांना अजून आठवतात.

प्रश्न : बाई, मी गुहागर तालुक्यात शाळेत खिचडी शिजवते. लाकडाच्या ढिगात दोनदा फुरसं, म्हणजे विषारी साप, निघालं. पोरं तिकडेच चपला काढतात.

उत्तर : ताई, ढीग आजच हलवा. लाकडं भिंतीला टेकवून जमिनीवर रचू नका. दगडांवर फळ्या टाकून, वीतभर उंच, मुलांच्या वाटेपासून लांब रचा. सकाळी पहिलं लाकूड हाताने उचलायचं नाही, आधी काठीने ढीग हलवायचा. फुरसं जेमतेम हातभर, मातीच्या रंगाचं, पाचोळ्यात दिसतही नाही. डिवचलं की अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज करतं. तो आवाज आला की जिथे आहात तिथूनच मागे सरा. चपला काढायची जागा पुढच्या दारी, उजेडात करून घ्या, आणि घालण्याआधी त्या उलट्या करून आपटायची सवय मुलांना लावा. तांदळाची पोती फळीवर ठेवा. सांडलेल्या दाण्यांना उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

चावलंच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही, आणि उतारा करणाऱ्याकडे न्यायचं नाही. पायातले पैंजण, काळा दोरा लगेच काढा, सूज आल्यावर ते रुततात. पाय हलू नये म्हणून फळी किंवा पट्टी लावून सैल बांधा, मुलाला चालवू नका, उचलून न्या. किती वाजता चावलं ते लक्षात ठेवा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही, त्यात वेळ जातो आणि दुसऱ्याला चावतो. जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरची लस ठेवलेली असते, हे आशाताईंना आजच विचारा आणि त्या दवाखान्याचा नंबर चुलीजवळच्या भिंतीवर खडूने नको, रंगाने लिहून ठेवा.